एसटीपीचा वास जिरवणारा वाफा: बायोफिल्टर कसा बांधावा आणि कसा जगवावा

तळघरातल्या एसटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा) वास लिफ्टच्या दारापर्यंत यायला लागला की बहुतेक सोसायट्या आधी सुगंधी फवारा विकत घेतात. फवाऱ्याने हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू, जात नाही, त्यात आणखी एक वास मिसळतो एवढेच. वास संपवायचा तर टाकीवरची हवा ओढून ओलसर, सच्छिद्र वाफ्यातून, म्हणजे बायोफिल्टरमधून, सोडावी लागते. लाकडाच्या ढलप्यांवर पाण्याची पातळ साय असते. वायू तिच्यात विरघळतो आणि तिथले जिवाणू तो खातात. हायड्रोजन सल्फाइडचे सल्फ्युरिक आम्ल होते, अमोनियाचे नायट्रेट होते. कल्पना जुनी आहे: मातीच्या वाफ्यातून गटाराची हवा सोडण्याचे अमेरिकी पेटंट रिचर्ड पोमेरॉय यांना 1957 साली मिळाले.

आधी टाक्या झाका

वाफा कितीही चांगला असला तरी उघड्या टाकीचा वास त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. सर्वाधिक वास तीन ठिकाणी असतो: जाळीचा कप्पा, इक्वलायझेशन टाकी (सांडपाणी साठवून एकसारखे पुढे सोडणारी) आणि गाळ साठवण्याची टाकी. यांवर एफआरपीची (फायबरग्लासची) झाकणे बसवा, फटींना रबरी पट्टी लावा. एरेशन टाकीत (जिवाणूंसाठी पाण्यात हवा सोडणारी टाकी) विरघळलेला ऑक्सिजन 2 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास असेल तर तिला सहसा वाफ्याची गरज नसते. तीच टाकी घाण वास देत असेल तर दोष ब्लोअरचा (हवा ढकलणाऱ्या यंत्राचा) किंवा डिफ्यूजरचा (पाण्यात बुडबुडे सोडणाऱ्या तोंडाचा) आहे. तो आधी दुरुस्त करा.

झाकण लावल्यावर आत वायू साठतो, हे ऑपरेटरला स्पष्ट सांगा. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो. 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. त्यामुळे ‘वास गेला, आता उतरू’ हा अंदाज जीवघेणा ठरतो. गॅस मीटर, हवा खेळवण्याची सोय, दोरी आणि बाहेर उभा माणूस यांच्याशिवाय कोणीही वाकून आत डोकावूसुद्धा नये. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

हवेचा हिशोब

समजा, इक्वलायझेशन टाकी 6 बाय 5 मीटर आहे आणि पाण्यावर दीड मीटर मोकळी जागा आहे. म्हणजे 45 घनमीटर. ही हवा तासाला 12 वेळा बदलायची तर 540 घनमीटर प्रति तास लागतात. जाळीचा कप्पा आणि गाळटाकी धरून 720 धरू. इथे एक चूक वारंवार होते: इक्वलायझेशन टाकीत ब्लोअर जेवढी हवा सोडतो, तेवढी तरी पंख्याने नक्की ओढली पाहिजे. नाहीतर झाकणाखाली दाब तयार होऊन प्रत्येक फटीतून वास बाहेर पडतो. पंखा चालू असताना फटीजवळ अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे.

720 घनमीटर प्रति तास म्हणजे 0.2 घनमीटर प्रति सेकंद. लाकडी भरणाच्या वाफ्यात हवा किमान 45 ते 60 सेकंद राहावी. 60 धरले तर 12 घनमीटर भरण लागते. थर 1.2 मीटरचा ठेवला तर क्षेत्रफळ 10 चौरस मीटर, म्हणजे 4 बाय अडीचचा वाफा. थर दीड मीटरच्या वर नेऊ नका, खालचे भरण दबून हवा अडते.

जागा निवडताना वजन धरा. ओले भरण घनमीटरला पाचशे-सहाशे किलो, त्याखाली खडी, म्हणजे चौरस मीटरला एक टन सहज होतो. पोडियमच्या स्लॅबवर ठेवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी होकार घ्या. जमिनीवरचा बागेचा कोपरा केव्हाही बरा.

बांधणी

पंखा पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) किंवा एफआरपीचा सेंट्रिफ्युगल घ्या, मोटर हवेच्या वाटेबाहेर असलेला. 150 मिलिमीटर पाण्याच्या दाबावर 720 घनमीटर द्यायचे असतील तर 1 हॉर्सपॉवर पुरतो. पत्र्याचा पंखा या हवेत लवकर गंजतो. पाइप 200 मिलिमीटरचा पीव्हीसी घ्या आणि उतार टाकीकडे द्या. नाहीतर सखल जागी पाणी साचून वाट बंद होते.

पंख्यानंतर ओलावा देणारा मनोरा हवा. तो पंख्याच्या आधी बसवला तर पंख्यातून जाताना हवा तापते आणि पुन्हा कोरडी होते. 500 मिलिमीटर व्यासाच्या पिंपात एक मीटर प्लास्टिकच्या रिंगा भरा, वरून छोट्या पंपाने पाणी फिरवा. या मनोऱ्यावर काटकसर करू नका. हवा खालून वर जाते, म्हणून वाफा आधी तळाशी सुकतो. वरचा थर ओलागच्च दिसतो आणि सगळे ठीक वाटते. प्रत्यक्षात खालचे जिवाणू मेलेले असतात. उन्हाळ्यातली कोरडी हवा या आकाराच्या वाफ्यातून दिवसाला शंभर लिटरपेक्षा जास्त पाणी नेऊ शकते.

वाफ्याच्या तळाला 2 टक्के उतार आणि आम्लरोधक लेप द्या. निचऱ्याचे आम्लयुक्त पाणी साधे काँक्रीट खाऊन टाकते. तळाशी छिद्रांचे पाइप, त्यांवर 20 ते 40 मिलिमीटरची काळ्या पाषाणाची खडी 200 मिलिमीटर, मग प्लास्टिकची जाळी, मग भरण. निचऱ्याचा पाइप एसटीपीत परत सोडा आणि त्याला किमान 300 मिलिमीटर खोल पाण्याचा सापळा ठेवा. सापळा सुकला तर हवा भरणातून न जाता गटारवाटे पळते. भिंतीच्या आतून, थराच्या मध्यावर, 100 मिलिमीटर रुंद आडवी पट्टी चारही बाजूंनी बसवा. हवेला भिंतीलगतची वाट सोपी पडते, पट्टीमुळे तिला आत वळावे लागते.

भरण

निम्म्याहून जास्त 25 ते 50 मिलिमीटरच्या लाकडी ढलप्या, पाव भाग नारळाच्या सोडणांचे तुकडे आणि उरलेले चाळून घेतलेले पक्के कंपोस्ट. कोकोपीट आणि भुसा वापरू नका, दोन्ही चिखल होऊन बसतात. उसाची चिपाडे स्वस्त मिळतात, पण ती लवकर कुजून खचतात. भरण आधी रात्रभर भिजवा. टाकताना त्यावर चालू नका, पायाखाली दबलेली जागा कायमची बंद होते. फळ्या टाकून काम करा.

भरल्यावर एरेशन टाकीतले दोनअडीचशे लिटर पाणी, जिवंत गाळासकट, सगळीकडे सारखे शिंपडा. पंखा लगेच सुरू करा. सडक्या अंड्यांचा वास साधारण एकदोन आठवड्यांत उतरू लागतो. इतर उग्र वासांना महिना-दोन महिने लागतात. चांगल्या वाफ्यालाही ओल्या मातीचा हलका वास येतो, तो दोष नव्हे.

पाणी प्रक्रिया केलेलेच वापरा, पण क्लोरीन टाकण्याआधीचे. त्यात नायट्रोजन-फॉस्फरस असल्यामुळे वेगळे खत लागत नाही. क्लोरीनचे पाणी रोज घातले तर तुम्ही तुमचेच जिवाणू मारता.

आम्ल

हायड्रोजन सल्फाइडच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 2.9 ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल बनते. येणाऱ्या हवेत सरासरी 5 पीपीएम असेल तर वर हिशोब केलेल्या वाफ्यात दिवसाला साधारण 350 ग्रॅम आम्ल होते. वर्षाकाठी ते निववायला सव्वाशे-दीडशे किलो चुनखडी लागेल. एवढी खडे स्वरूपात भरणात मिसळता येते. सरासरी 20 पीपीएम असेल तर हिशोब अर्ध्या टनावर जातो, चुनखडीचे जिप्सम होऊन छिद्रे बुजतात आणि लाकूडही झपाट्याने कुजते. अशा ठिकाणी लाकडाचा हट्ट सोडा. प्लास्टिक किंवा लाव्हा दगडाच्या भरणाचा, वरून सतत पाणी फिरवणारा ट्रिकलिंग फिल्टर लावा. त्यातले गंधक खाणारे जिवाणू पीएच 2 लाही आनंदाने राहतात. म्हणून ऑर्डर देण्याआधी आठवडाभर मीटर लावून मोजा. सकाळचा वापर सुरू होतो तेव्हाचा आकडा रात्रीपेक्षा पार वेगळा असतो.

रोजची आणि आठवड्याची नोंद

रोज यू-नळीतला (वाफ्याखालच्या हवेचा दाब दाखवणारी पाण्याची नळी) दाब लिहा. नवा वाफा 30 ते 60 मिलिमीटर दाखवतो. 120 च्या वर गेला तर भरण दबले आहे किंवा पाणी जास्त झाले आहे. दाब अचानक घसरला आणि वास वाढला, तर हवेने कुठेतरी चोरवाट काढली आहे. थंडीच्या सकाळी वाफ निघताना ती जागा दिसते. तेवढा भाग फावड्याने उकरून पुन्हा भरा.

आठवड्यातून एकदा अर्धा मीटर खोलीवरून मूठभर भरण काढून दाबा. दोनतीन थेंब गळले की ओल योग्य, धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर धोक्याचे. ओल 40 ते 60 टक्के हवी. एकदा पूर्ण वाळलेले लाकूड वरून पाणी मारून भिजत नाही, पाणी बाजूने वाहून जाते. मग दोनतीन दिवस थोड्याथोड्या वेळाने बारीक फवारा द्यावा लागतो. निचऱ्याच्या पाण्याचा पीएच 6 ते 8 असावा. 4 च्या खाली गेला तर भरपूर पाण्याने वाफा धुवा आणि चुनखडी वाढवा.

पावसाळ्यात वाफ्यावर दीड मीटर उंचीवर पत्रा हवा, बाजू उघड्या. मुंबई-कोकणातल्या सलग पावसात उघडा वाफा पाण्याने तुंबतो, हवा अडते आणि तोच सडून वास मारू लागतो. पंखा जनरेटरवर घ्या. काही तासांच्या खंडाने जिवाणू मरत नाहीत, पण झाकलेल्या टाकीत वायू साठतो.

लाकडी भरण आपल्याकडच्या उष्णतेत साधारण 2 ते 4 वर्षे टिकते. थर पाव मीटर खचला किंवा भरण हातात चुरा होऊ लागले की बदला, आणि जुन्यातला दहावा भाग नव्यात मिसळा. त्या विरजणाने नवा वाफा काही दिवसांतच कामाला लागतो.