बेताच्या पैशात सगळ्या कामांना चालणारे रिव्हॉल्व्हर कसे निवडावे

एकाच रिव्हॉल्व्हरवर नेमबाजीचा सराव, स्वसंरक्षण आणि रानातली भटकंती भागवायची असेल, तर कॅलिबर (नळीचे आणि काडतुसाचे माप) .३५७ मॅग्नम घ्यावे. १९३५ साली आलेल्या या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलही चालते. दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच, मॅग्नमचे केस, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, तेवढे सुमारे ३.४ मिमी लांब. सराव स्वस्त आणि सौम्य .३८ वर करायचा, जोर हवा तेव्हा मॅग्नम भरायचे. उलटे मात्र कधीही नाही, एखाद्या जुन्या.३८ मध्ये मॅग्नम आत बसले, तरी ते झाडायचे नसते. परवान्यात कोणते कॅलिबर बसते हे आधी पाहावे. पुढची तपासणी कोणत्याही कॅलिबरला लागू आहे.

नळी चार इंची घ्यावी. दोन इंची लपवायला सोयीची, पण पुढच्या-मागच्या साइटमधले (नेम धरायच्या खुणांमधले) अंतर कमी असल्याने नेम चटकन चुकतो आणि मॅग्नमची बरीच दारू नळीबाहेर जळून नुसता जाळ व आवाज होतो. सहा इंची नेमाला उत्तम, बाळगायला त्रासाची. मध्यम चौकटीचे पोलादी रिव्हॉल्व्हर साधारण एक किलोच्या आसपास भरते आणि हे वजनच धक्का पचवते. हलक्या मिश्रधातूचे दुकानात हातात छान वाटते, पण त्यात मॅग्नम झाडले की हात सुन्न होतो. वर धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकून सिलिंडर (काडतुसे भरायचा फिरता भाग) अडकू शकतो.

मागची साइट हलवता येणारी हवी. जड, संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर नळी धक्क्याने उचलली जाते आणि गोळी वर लागते. म्हणून १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) .३८ आणि १२५ ग्रेनची मॅग्नम एकाच जागी लागत नाहीत.

पैसे बेताचे असतील तर नवीन स्वस्तापेक्षा जुने चांगले घ्यावे. स्मिथ अँड वेसन ६८६ किंवा रुगर जीपी१०० मॅग्नमचा नेहमीचा मारा सोसतात. मात्र जुने घेताना फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि छोटी टॉर्च खिशात असू द्या. सिलिंडर उघडून काडतुसांचे सगळे खण रिकामे असल्याची खात्री करा, मगच पुढे.

सर्वांत महत्त्वाचे टायमिंग, म्हणजे सिलिंडर वेळेवर जागी लॉक होणे. सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा मागे अडकण्याआधी किंवा अडकताना सिलिंडर आपल्या खाचेत बसून लॉक व्हायला हवा. प्रत्येक खणाला हे करून पाहा. लॉक उशिरा झाला तर खण नळीच्या रेषेत नसतो, गोळी कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. एकच खण मागे पडत असेल तर एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी केस बाहेर ढकलणाऱ्या दातेरी भागाच्या) त्या दाताची झीज असू शकते. सगळेच मागे पडत असतील तर बहुधा सिलिंडर फिरवणारा हँड झिजलेला असतो.

मग सिलिंडर आणि नळी यांतली फट मोजा. ०.१० ते ०.२० मिमी ठीक, ०.२५ च्या वर असेल तर सोडून द्या. सिलिंडर मागे दाबून एकदा आणि पुढे दाबून एकदा मोजा. दोन्हींतला फरक ०.०५ मिमीपेक्षा जास्त असेल तर झीज आहे. पातळ वॉशर घालून ती दुरुस्त होते, त्यामुळे भाव पाडायला हा चांगला मुद्दा.

नळीच्या मागच्या तोंडाशी, विशेषतः खालच्या बाजूला, टॉर्चने तडा शोधा. जुन्या मध्यम चौकटीत तिथला धातू क्रेनला (सिलिंडर बाहेर उघडणाऱ्या दांड्याला) जागा देण्यासाठी कापलेला असतो आणि हलक्या १२५ ग्रेनच्या मॅग्नमने तिथेच तडा जातो. तडा म्हणजे नवी नळी.

घोडा मागे अडकवून मागून अंगठ्याने पुढे ढकला. तो सुटला तर आतली खाच झिजलेली किंवा कोणीतरी चाप हलका करण्यासाठी कानस मारलेली. असे हत्यार कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. सिनेमातल्यासारखा मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करणाऱ्या मालकाचेही घेऊ नका. तशाने क्रेन वाकते.

घेतल्यावर प्रत्येक खणाला खूण करून टेकूवरून खणागणिक तीन-तीन गोळ्या झाडा. एखाद्याच खणाच्या गोळ्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या जागी जात असतील, तर दोष हाताचा नाही. .३८ बराच वेळ झाडल्यावर खणात कार्बनचे कडे साचते आणि नंतर मॅग्नमची केस अडकतात, म्हणून आधी ब्रॉन्झचा ब्रश फिरवावा. रिकामी केस काढताना नळी आकाशाकडे ठेवावी, नाहीतर न जळलेले दारूचे दाणे एक्स्ट्रॅक्टरखाली जाऊन सिलिंडर बंदच होत नाही.