आउटर हेब्रिडीजमध्ये कॅम्परव्हॅन घेऊन जाताना

आधी बोटीचं तिकीट, मग व्हॅनचं बुकिंग, मग रजेचा अर्ज. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर जायचं असेल तर हा क्रम मोडू नका. उन्हाळ्यात कॅलमॅक या बोट-कंपनीच्या बोटींवरची गाड्यांची जागा फार आधी भरते. बुकिंग करताना गाडीची लांबी मागच्या सायकल-स्टँडसकट मोजून लिहा. पहिल्या खेपेला आम्ही स्टँड धरलाच नव्हता. धक्क्यावर वरचे पैसे भरावे लागले, शिवाय आमची बोट डोळ्यांदेखत निघून गेली.

मी मूळची माणदेशातली, आता ग्लासगोत राहते. या बेटांवर आमच्या तीन खेपा झाल्या, त्यातल्या एकीत सासूबाईही होत्या. भारतातून येणाऱ्यांना भारतीय लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत अशी छोटी व्हॅन चालवता येते आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असते. मात्र व्हॅन भाड्याने देणाऱ्यांच्या वयाच्या आणि अनुभवाच्या अटी आधी विचारून घ्या.

माझ्या मते दक्षिणेकडून उत्तरेला जावं. ओबानहून बॅरा बेटावरच्या कॅसलबेला पोचायला बोटीला पावणेपाच तास लागतात. शेवटी लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेहून उल्लापूलला उतरायचं. या प्रवासाला दहा दिवस हवेत. पाचच मिळत असतील तर एकच बेट करा.

बॅरावर पहिलं काम म्हणजे विमानतळ बघायचा. ट्राय मोर या किनाऱ्याच्या वाळूवरच ग्लासगोचं छोटं विमान उतरतं. भरतीला धावपट्टी पाण्याखाली जाते, म्हणून विमानाचं वेळापत्रक ओहोटी पाहून ठरतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी वर चढवलेली असेल तर वाळूवर पाऊल टाकायचं नाही. सासूबाई टेकाडावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. विमानाची चाकं पाणी उडवत आली तशा त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले.

तिथून छोट्या बोटीने एरिस्के. पुढे साउथ युइस्ट, बेनबेक्युला, नॉर्थ युइस्ट आणि बर्नरे ही बेटं समुद्रात भर घालून बांधलेल्या रस्त्यांनी जोडली आहेत. अटलांटिकच्या बाजूला शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू गवतावर पसरून जी सपाट जमीन तयार झाली आहे, तिला माखर म्हणतात. जून-जुलैत ती फुलांनी भरून जाते. तिच्यावर गाडी घालू नका. चाकांनी मुळं तुटतात, आणि जमिनीवरच घरटी करणारे पक्षी तिथे असतात. नॉर्थ युइस्टला बालरानाल्डच्या पक्षी-अभयारण्याजवळ एक रात्र काढा. अंधारात कॉर्नक्रेक नावाचा पक्षी ओरडतो, कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसा. दिसत मात्र नाही. आम्ही दोन रात्री त्याच्यासाठी जागलो, आणि मला त्या जागरणाचं आजही अप्रूप आहे.

रस्ते बहुतेक एकाच गाडीपुरते रुंद, पण त्यावरून दोन्हीकडची वाहतूक. मध्ये मध्ये रस्ता रुंद केलेला असतो, ती समोरच्याला वाट देण्याची जागा. मागे कुणी गावकरी असेल तर तिथे थांबून त्याला पुढे जाऊ द्या. त्याला कामावर जायचं असतं, आपण सुट्टीवर असतो. त्या जागेत फोटोसाठीही गाडी लावायची नाही, मग झोपायला तर नाहीच. स्कॉटलंडमध्ये रानावनात फिरण्याचा हक्क आहे, पण तो पायी किंवा सायकलने जाणाऱ्याला, मोटारगाडीला नाही. म्हणून रात्रीची जागा आधी ठरवा, भाडं द्या, आणि टॉयलेटची कॅसेट, म्हणजे त्याखालची मैल्याची टाकी, नेमून दिलेल्या ठिकाणीच रिकामी करा. ही गोष्ट मी हात जोडून सांगते. कारण आपण निघून गेल्यावर ती घाण गावकऱ्यांनाच उपसावी लागते.

गाडी उभी करताना नाक वाऱ्याकडे ठेवा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. इथला वारा दार बिजागरीतून उचकटतो.

बर्नरेहून तासाभराच्या बोटीने हॅरिस. लस्केंटायरची वाळू सगळेच बघतात, तुम्हीही बघालच. मला ओढ असते ती विणकरांच्या मागांची. हॅरिस ट्वीड या इथल्या लोकरी कापडाला १९९३ च्या कायद्याचं संरक्षण आहे. लोकर याच बेटांवर रंगवलेली, कातलेली हवी आणि कापड विणकराने स्वतःच्या घरी, पायाने चालवायच्या मागावर विणलेलं हवं. आमच्याकडे सणगर घोंगडी विणतात, तो खटखट आवाज ऐकत मी वाढले. शेडबाहेर पाटी असेल तर आत जा, नमस्कार करा, विणकराचा धागा संपेपर्यंत थांबा, मग विचारा. मी घोंगडीचा फोटो दाखवला तेव्हा तिथल्या आजोबांनी चष्मा लावून आधी काठ पाहिला. आमच्या गावातही जाणता माणूस आधी काठच बघतो.

लुईस-हॅरिसला रविवार पाळतात. बहुतेक दुकानं बंद, पंपही. शनिवारी डिझेल, दूध, पाव भरून ठेवा. रविवारी आमची पिठलं-भाकरी ठरलेली. ज्वारीचं पीठ घरून न्यायचं. छोट्या शेगडीवर तवा नीट तापायला वेळ लागतो, तेवढा धीर धरा.

लुईसवरच्या कॅलनिशचे पाषाणस्तंभ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे. दिवसा गर्दी असते. जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो, म्हणून जेवून मगच जा. जाडसर स्वेटर आणि डास-चिलटांची जाळी सोबत हवी, वारा पडला की मिजेस नावाची बारीक चिलटं घोंघावत येतात.

स्टॉर्नोवेला बोटीच्या रांगेत लागण्याआधी गॅसचा नळ बंद करा, चहाचं भांडं ओट्यावरून काढून कपाटात ठेवा. त्यावरचं झाकण वेगळं बांधा, नाहीतर उल्लापूलपर्यंत ते वाजत राहतं.