घर भाड्याने घेण्याआधी शहराचा वीस वर्षांचा आराखडा उघडा

अमेरिकेत नव्याने आलेली मंडळी घर ठरवताना ऑफिसला जाणारी बस बघतात आणि तिथेच थांबतात. फक्त सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत धावणारी एक्सप्रेस बस नोकरदाराला पुरते. पण जोडीदाराला अजून लायसन्स मिळालं नसेल, किंवा आईवडील भेटीला आले असतील, तर दुपारी दवाखाना आणि रविवारी लायब्ररी कशी गाठणार? म्हणून वेळापत्रक तीन वेळांचं तपासा: आठवड्यातली एखादी दुपार, रात्रीचे नऊ आणि रविवारची सकाळ. दर १५ मिनिटांनी बस असेल तर सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागतं. तासाला एकच असेल तर अर्धा तास, आणि मध्ये बस बदलताना पुढची चुकली तर वर आणखी एक तास. नकाशावर मात्र दोन्ही रेघा सारख्याच दिसतात. स्टॉप पाव मैलाच्या, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या आत हवा, आणि तो पायवाटेने मोजलेला. मध्ये फुटपाथ नसलेला सहापदरी रस्ता आडवा आला तर जवळचा स्टॉपही लांबच.

आता आराखडा. ५० हजारांहून अधिक वस्तीच्या प्रत्येक शहरी भागासाठी एमपीओ नावाची प्रादेशिक नियोजन संस्था असते. तिला किमान २० वर्षांचा वाहतूक आराखडा करावा लागतो आणि तो दर ४ किंवा ५ वर्षांनी नव्याने मांडावा लागतो. घरमालक किंवा एजंट 'इथे लवकरच रेल्वे येणार' म्हणाला, तर आराखड्यात तो प्रकल्प कुठल्या यादीत आहे ते बघा. एका यादीत पैशांची सोय दाखवलेली कामं असतात. दुसरी यादी, जिथे ठेवलेली असते तिथे, पैसे मिळाले तरच करायच्या कामांची. दुसरीच्या भरवशावर जास्त भाडं देऊ नका. पहिलीतलं कामही पंधरा वर्षांनंतरचं असू शकतं. पुढच्या किमान ४ वर्षांच्या कामांची वेगळी यादी असते, तिला टीआयपी म्हणतात. तुमच्या भाडेकराराला खरी उपयोगी तीच.

आराखड्यावर लोकांच्या हरकती-सूचना मागवतात, त्या मुदतीत जरूर लिहा. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातलं सहावं कलम वंश, वर्ण आणि मूळ राष्ट्र यांवरून भेदभावाला मनाई करतं. त्यामुळे मोठ्या शहरांतल्या, गर्दीच्या वेळी ५० किंवा अधिक गाड्या चालवणाऱ्या बससंस्थांना सेवेत मोठा बदल किंवा भाडेवाढ करण्याआधी त्याचा भार कोणावर पडतो हे तपासावंच लागतं. पण पाळीत काम करणाऱ्यांचे, गाडी नसलेल्यांचे प्रवास कोणी सांगितलेच नाहीत, तर त्या तपासणीत ते निसटतात, आणि हे फार वेळा होतं. 'बस वाढवा' एवढं लिहून भागत नाही. मार्ग क्रमांक, स्टॉप, वार, वेळ, कुठून कुठे जायचं आहे आणि आज किती मिनिटं लागतात, हे सहा तपशील द्या. इंग्रजीत बोलायचा संकोच वाटत असेल तर सुनावणीच्या आधीच कळवून दुभाषा मागा.

आईवडिलांसाठी: केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या बससेवांत ६५ वर्षांवरील प्रवाशांना गर्दीची वेळ सोडून निम्म्याहून जास्त भाडं लागत नाही. वयाचा पुरावा जवळ ठेवा.