उंबरा काढण्याआधी : जुन्या फ्लॅटमधील बाथरूम नव्याने करताना या चुका टाळा

आपल्याकडची बाथरूम मुळातच पूर्ण ओली होणारी खोली आहे. बालदीत तांब्या बुडवून अंगावर पाणी घेणाऱ्या माणसाभोवतीच्या भिंती, दार आणि कमोड भिजणारच, हे गृहीत धरूनच दाराशी चार-पाच इंचांचा उंबरा बांधलेला असतो. घरातल्या ज्येष्ठांना वॉकर घ्यावा लागला की हाच उंबरा अडचणीचा ठरतो आणि तो काढून खोलीपासून बाथरूमपर्यंत जमीन सलग करावी असे ठरते. आमच्या घरी आईसाठी हे काम केले, तेव्हा ते आठ दिवसांत उरकले आणि दिसायलाही सुरेख झाले. तीन महिन्यांनी बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाची तळफळी फुगली. पाणी फरशीवरून बाहेर आलेच नव्हते, ते फरशीखालून आले होते.

या कामातील बहुतेक चुकांचे मूळ एकाच समजुतीत आहे, ती म्हणजे टाइल पाणी अडवते. टाइल अडवतेही, परंतु तिचे सांधे अडवत नाहीत. सिमेंटचे असो वा इपॉक्सीचे, सांध्यांत भरलेले ग्राउट आज ना उद्या कुठेतरी केसाएवढे फुटते आणि त्यातून पाणी खालच्या मसाल्यात उतरते. त्यामुळे टाइलखाली उतरलेल्या पाण्याला कोठे जाता येईल आणि कोठे जाता येणार नाही, हे आधी ठरवावे आणि टाइलच्या दुकानात त्यानंतर जावे.

पहिली पाहणी खालच्या मजल्यावर करावी. शेजाऱ्यांच्या बाथरूमचे छत त्यांच्या लगतच्या खोलीच्या छतापेक्षा फूटभर खाली असेल, तर आपल्या बाथरूमचा स्लॅब खोलगट, म्हणजे सनकन आहे आणि उंबरा काढण्यास वाव आहे. छत एकाच पातळीत असून आपले पाइप त्यांच्या बाथरूममध्ये लोंबकळत असतील, तर मात्र खाली जायला जागा नाही. अशा घरात सलग जमिनीचा हट्ट सोडून दाराबाहेर हलका उतार करणे शहाणपणाचे. पाइपांचे काम शेजाऱ्यांच्या छताखालून करावे लागणार असल्याने त्यांची संमतीही आधीच घ्यावी लागते. वाड्यातील वरच्या मजल्यावर, लाकडी कडीपाटावर, असे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा पाहिल्याशिवाय हाती घेऊ नये. लाकूड लवते आणि सिमेंटचा थर लवत नाही, त्यामुळे दोघांच्या भांडणात भेग ठरलेलीच असते.

तोडफोड टाळण्यासाठी जुन्या टाइलवर नवी टाइल बसवण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने जमीन १५ ते २० मिलिमीटर उचलली जाते, म्हणजे उंबरा काढून मिळवायचे होते तेच हातचे जाते, शिवाय खालची जुनी गळती झाकली जाऊन तशीच सुरू राहते. वजनाचाही विचार करावा. दीड मीटर बाय दोन पूर्णांक चार मीटरच्या बाथरूममध्ये एक फूट खोल सनकन विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असेल, तर केवळ त्या भरावाचे वजन पावणेदोन ते दोन टनांच्या घरात जाते, आणि तो पाणी पिऊन बसला असेल तर आणखी वाढते. जुना भराव स्लॅबपर्यंत काढून नव्याने भरताना हलक्या ठोकळ्यांचा वापर केल्यास हा भार बराच कमी होतो. तो काढताना स्लॅबवर मोठा घण घालू देऊ नये. स्लॅब उघडा पडल्यावर सळ्या गंजून फुगलेल्या दिसल्या, तर काम तेथेच थांबवून इंजिनिअरला दाखवावे. तीस वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करावे, असे सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी सांगतात. सोसायटीने ते केलेले असेल तर तो अहवाल कामाआधी वाचावा.

जुने लोखंडी जीआय पाइप बाहेरून धडधाकट दिसले, तरी आतून गंजाने निम्मे बुजलेले असतात. ते तसेच ठेवून फक्त नवे नळ बसवणे म्हणजे दोन वर्षांनी नवी टाइल फोडण्याची तजवीज करणे होय. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप वापरावा, आणि भिंती बुजवण्यापूर्वी पाइपांत दाब धरून किमान रात्रभर प्रत्येक सांधा कोरडा राहतो का, ते पाहावे. याच टप्प्यावर मोजपट्टी भिंतीला लावून पाइपांचे फोटो काढून ठेवावेत. पुढे टॉवेलची खुंटी ठोकताना ते उपयोगी पडतात.

आता ढाळ. दर मीटरला १० ते १२ मिलिमीटर उतार पुरेसा असतो. त्याहून कमी ठेवल्यास पाणी साचते, आणि फार वाढवल्यास आंघोळीचे स्टूल डुगडुगते व चाकाची खुर्ची पाणी वाहून जाण्याच्या जाळीकडे घसरू लागते. दार ते जाळी हे अंतर अडीच मीटर असेल, तर जाळी दारापेक्षा २५ ते ३० मिलिमीटर खाली हवी. हा हिशेब ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा भाग, बसवण्यापूर्वी करावा लागतो, कारण एकदा ट्रॅपची उंची ठरली की बाकी सगळे तिच्यापुढे मान तुकवते. येथेच टाइलच्या आकाराची चूक होते. दोन फूट बाय चार फुटांची टाइल चारही बाजूंनी मधल्या जाळीकडे वळवता येत नाही, मग गवंडी ती कोठेतरी कापतो किंवा ढाळच मारतो. मोठी टाइलच हवी असेल, तर एका भिंतीलगत लांबट जाळी घेऊन सगळा उतार एकाच दिशेला द्यावा, अन्यथा एक फुटी किंवा त्याहून लहान, खरखरीत टाइल निवडावी. लहान टाइलमध्ये सांधे जास्त येतात आणि त्यामुळे पायाला पकडही चांगली मिळते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नसल्याने सिमेंटच्या नुसत्या घोळावर ती नीट धरत नाही, तिला टाइल ॲडहेसिव्हच लागते.

वॉटरप्रूफिंग कोणत्या कंपनीचे घ्यावे यावर लोक तासन्‌तास चर्चा करतात, पण गळती बहुधा त्या डब्यातून होत नाही. ती तीन जागांतून होते. पहिली जागा भिंत आणि जमीन मिळते ती. तेथे काटकोन न ठेवता मसाल्याचा गोलसर वाटा मारावा आणि त्यावरून थर भिंतीवर किमान फूटभर, शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत चढवावा. दुसरी जागा ट्रॅपभोवतीची. स्लॅबला पाडलेल्या भोकात पाइप घालून उरलेली फट विटांच्या तुकड्यांनी व मसाल्याने बुजवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती फट आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने भरून वॉटरप्रूफिंगचा थर ट्रॅपच्या कडेवरून आत वळवला पाहिजे.

तिसरी जागा दाराची, आणि आमचे काम फसले ते येथेच. उंबरा काढला तरी तो टाइलखाली लपवून ठेवायचा असतो. दाराच्या रुंदीइतकी काँक्रीटची एक पट्टी स्लॅबवरून उभी करून ती टाइलच्या पाठीपर्यंत आणावी आणि वॉटरप्रूफिंग तिच्या माथ्यापर्यंत चढवावे. ही पट्टी नसेल, तर टाइलखालचा ओला मसाला बाथरूमपासून खोलीपर्यंत सलग राहतो आणि वातीतून तेल चढावे तसे पाणी त्यातून सरकत जाते. आमच्या गवंड्याने उंबरा फोडून तेथे वाळू-सिमेंटचा मसाला पसरला, आणि त्यावर तेव्हा कोणी आक्षेप घेतला नाही, मीही नाही.

थर वाळल्यावर ट्रॅप बुजवून किमान ४८ तास पाणी साठवावे. उंबरा नसल्याने दाराशी विटा आणि चिकणमातीचा तात्पुरता बांध घालावा लागतो, आणि नेमका तो खटाटोप नको म्हणून ही चाचणी टाळली जाते. पाण्याच्या पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलीने करावी व खालच्या शेजाऱ्यांना छत पाहू द्यावे. शौचालय, सिंक अशा अंतर्गत गळतीच्या दुरुस्तीचा खर्च आदर्श उपविधींनुसार संबंधित सदस्यावरच येतो, त्यामुळे टाइल बसण्यापूर्वी ओल दिसली तर ती स्वस्तात सुटलेली गोष्ट समजावी.

काम होऊन गेल्यावर ओल दिसू लागली, तर लगेच फोडाफोड करू नये, आधी तिची वेळ पाहावी. छत दिवसरात्र सारखेच ओले राहत असेल, तर दाबाच्या पाइपावर संशय घ्यावा. घरातील सर्व नळ बंद ठेवूनही पाण्याचा मीटर फिरत असेल, तर तो संशय पक्का होतो. ओल फक्त सकाळी आंघोळीनंतर वाढत असेल, तर ट्रॅप किंवा जमीन तपासावी. ट्रॅप बुजवून पाणी साठवल्यावर ओल वाढली तर दोष जमिनीत, आणि साठवलेले पाणी सोडल्यानंतरच वाढली तर ट्रॅपच्या सांध्यात असतो. केवळ पावसाळ्यात ओल येत असेल तर बाथरूमला दोष न देता बाहेरची भिंत आणि डक्टमधील जुने बीडाचे पाइप पाहावेत.

दुर्गंधीचे कारण बहुधा साधे असते. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभे राहून ते ड्रेनेजचा वायू अडवते. पाहुण्यांच्या न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, हे पाणी आटते. आठवड्यातून एकदा दोन तांबे पाणी जाळीत ओतले की वास थांबतो. तरीही तो येत राहिला, तर जाळी उचलून ट्रॅपची कड बोटाने चाचपून पाहावी. तेथे मसाला भुसभुशीत लागला, तर वास आणि ओल दोन्ही त्याच फटीतून येत असतात.