मासे सगळ्यात शेवटी

समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी घरी आणायची ठरली की आधी जागा बघा, आणि जागा बघताना वजनाचा हिशेब करा. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. काच, दगड, वाळू आणि स्टँड धरला तर वजन तीनशे किलोच्या वर जातं. जुन्या इमारतीत ही टाकी खोलीच्या मधोमध नको, भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवा. ऊन टाकीवर पडता कामा नये. प्लगपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाशी गळेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

पाण्याची सोय टाकी यायच्या आधीच लावून ठेवा. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे म्हणून कॅन घेऊन जुहूला जाऊ नका. किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं, त्यात शहराचं सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. घरातला प्युरिफायर बरेचदा चवीसाठी क्षार परत मिसळतो, म्हणून त्याच्याही पाण्यात टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून बघा. आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून मीटरवर शून्य आलं पाहिजे. खडेमीठ चालत नाही, कारण समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हे सगळं असतं. मत्स्यालयाचं साल्ट मिक्सच घ्या. लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम मिक्स बादलीत टाका आणि छोटा पंप लावून रात्रभर फिरू द्या. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, घनता 1.025 यायला हवी. हा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर न जुळवता 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) द्रावणावर जुळवा. माझा पहिला वर्षभर 1.025 दाखवत राहिला आणि पाणी निघालं 1.028. रोज बाष्पीभवनाने पाणी कमी होतं, पण मीठ टाकीतच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची.

मुंबईत खरी अडचण उकाड्याची. पाणी 25-26 अंशांवर हवं आणि पंप, दिवे त्यात आपली भर घालतात. पृष्ठभागावर पंखा सोडला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण जुलैच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंदावतं आणि पंखा नुसता फिरत राहतो. म्हणून बजेट करताना चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, माशांच्या आधी धरा. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि त्यात वीज गेली तर संपलंच. 12 ऑक्टोबर 2020 ला अख्खी मुंबई अंधारात गेली तो दिवस आठवत असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आजच आणून ठेवाल.

दगड घेताना विचारून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये प्रवाळांना पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. त्यामुळे काउंटरखालून काढून दाखवलेला ‘लाइव्ह रॉक’ (समुद्रातून काढलेला, जीव वसलेला प्रवाळाचा दगड) स्वस्त असला तरी हात लावू नका. ड्राय रॉक किंवा सिरॅमिक रॉक घ्या. त्यावर बॅक्टेरिया नसतात, ते आपल्यालाच वसवायचे.

हे वसवणं म्हणजेच टँक सायकल करणं. माशांच्या घाणीतून निघणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट करणारे बॅक्टेरिया वेगळे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे. दुसरी फौज पहिलीच्या मागून, सावकाश वाढते. या बॅक्टेरियांना अमोनिया मिळावा म्हणून जुनी पद्धत म्हणजे कोळंबीचा तुकडा कुजवायचा. मी ते एकदा केलं आणि तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, “अरे, खालच्यांनी गॅलरीत सुकट वाळत घातलीय का?” त्यापेक्षा शुद्ध अमोनियम क्लोराइड बरं. कल्हईवाल्याचा नवसागर रासायनिक नावाने तोच, पण त्यात काय काय मिसळलंय ते कळत नाही, तो नको. अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 2) आणा, बाटलीतले बॅक्टेरिया सोडा, दिवे बंद ठेवा आणि पंप चालू. मग एका वहीत तारीख, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट लिहीत चला. टेस्टचे रंग ट्यूबलाइटखाली नाही, दिवसा पांढऱ्या कागदावर धरून बघा. नायट्रेटच्या टेस्ट किटमधली दुसरी बाटली सांगितलं आहे तितका वेळ जोरात हलवा. तिच्यातली पूड तळाशी बसते आणि न हलवता टाकली की आकडा खोटा येतो. चार ते सहा आठवडे धरून चाला. 2 पीपीएम अमोनिया टाकल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले, आणि सलग दोनदा झाले, तरच टाकी तयार. मधेच दगडांवर तपकिरी भुकटी चढेल. ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं, येतं आणि जातं. टाकी तयार झाली की मोठा वॉटर चेंज करून, म्हणजे बरंच पाणी बदलून, नायट्रेट खाली आणा.

एवढं होईपर्यंत क्रॉफर्ड मार्केटच्या माशांच्या दुकानांकडे फिरकू नका. नवव्या दिवशी मला एका दुकानदाराने सांगितलं होतं, “भाऊ, डॅमसेल टाक, काही होत नाही.” डॅमसेल म्हणजे छोटा, भांडखोर समुद्री मासा. तीन टाकले, दोन गेले आणि उरलेल्याने पुढे दोन वर्षं एकाही नव्या माशाला टिकू दिलं नाही.

आधी गोगलगायी आणा, दोन-तीन आठवड्यांनी क्लाउनफिशची जोडी. हॅचरीत वाढलेली मागा. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, आणि अशी पिल्लं दाणा खायला शिकलेली असतात. दुकानात तुमच्यासमोर खाऊन दाखवू दे, मगच पैसे द्या. निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध तिथेच द्या, मुख्य टाकीत ते गोगलगायींना मारतं. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग हवेच्या बारीक नळीला गाठ मारून तिच्यातून टाकीचं पाणी पिशवीत थेंब-थेंब सोडा. मासे लांबून आले असतील तर हे लांबवू नका: पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि आतला अमोनिया विषारी होतो. पिशवीचं पाणी टाकीत ओतायचं नाही, मासा जाळीने उचलायचा. त्या रात्री दिवे बंद.

पुढचा मासा दोन-तीन आठवड्यांनी, भांडखोर असेल तो शेवटी. मँडरिन मासा तर वर्षभर नकोच, तो दगडावरचे बारीक जीव वेचून खातो आणि नव्या टाकीत ते पुरेसे नसतात. आणि टाकीबाहेर उडी मारणारा फायरफिश आणण्याआधी जाळीचं झाकण बसवा, नाहीतर सकाळी झाडू मारताना तो सोफ्याखाली मिळेल.