मार्कडाउनमध्ये प्रबंध लिहिताय? या चुका टाळा

प्रबंध मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या मजकुराच्या फाइलींत लिहिण्याचा निर्णय मला आजही पटतो. पण यात सर्रास होणारी एक चूक फार महागात पडते: प्रकरणं सुटी सुटी लिहीत राहायचं आणि अख्ख्या प्रबंधाची पीडीएफ पहिल्यांदा काढायची ती थेट शेवटच्या आठवड्यात.

माझं तसंच झालं. प्रत्येक प्रकरणात मी तळटीपांना [^१], [^२] असे क्रमांक दिले होते. एकेका प्रकरणाची पीडीएफ काढली की सगळं चोख. पण पॅन्डॉक (या फाइलींपासून पीडीएफ किंवा वर्डची प्रत तयार करणारं साधन) सगळ्या फाइली आधी एकापुढे एक जोडतं आणि मग वाचतं. पाच प्रकरणांत पाच [^१] निघाले आणि पाचही ठिकाणी एकच टीप छापली गेली. नमुना निवडीच्या वाक्याखाली निष्कर्षांच्या प्रकरणातली टीप! टर्मिनलवर, म्हणजे जिथे पॅन्डॉकची आज्ञा टाइप करतो त्या खिडकीत, इशारा आला होता, पण पीडीएफ तयार झाली म्हटल्यावर मी तो वाचलाच नाही. म्हणून टिपेला आकडा नको, नाव द्या: [^नमुना-निवड].

संदर्भांचंही तेच. संदर्भाच्या किल्लीत (मजकुरात @ लावून लिहायच्या ग्रंथाच्या छोट्या खुणेत) एक अक्षर चुकलं तरी पॅन्डॉक अडत नाही. त्या जागी ती किल्ली ठळक करून, पुढे प्रश्नचिन्ह लावून मोकळं होतं. तेव्हा पीडीएफमध्ये प्रश्नचिन्हं शोधून काढाच. आकृत्यांच्या क्रमांकांसाठी क्रॉसरेफ हे जोडसाधन वापरत असाल, तर ते साइटप्रॉकच्या, म्हणजे ग्रंथांचे संदर्भ मांडणाऱ्या भागाच्या आधी चालवा. दोघांचीही खूण @ हीच आहे. क्रम उलटा झाला की आकृतीचा उल्लेख ग्रंथाचा संदर्भ समजला जातो.

मजकूर देवनागरीत असेल तर पीडीएफ बनवणारं इंजिन म्हणून झीलाटेक निवडा आणि देवनागरी फॉन्टचं नाव स्पष्ट लिहा. पॅन्डॉक आपणहून पीडीएफलाटेक वापरतं, त्याला देवनागरी झेपत नाही.

बाकी बारीकसारीक: यादीच्या आणि शीर्षकाच्या आधी एक ओळ रिकामी सोडा. प्रबंधाच्या नावात अपूर्णविराम असेल तर यॅमलमध्ये (फाइलीच्या सुरुवातीच्या, नाव-लेखक वगैरे माहितीच्या भागात) ते पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घाला. फाइलींना ०१, ०२ असे क्रमांक द्या, नाहीतर १ च्या पाठोपाठ १० येऊन बसतं.

मार्गदर्शकांना बहुतेक वेळा वर्डची प्रत लागते. ती जरूर काढून द्या, पण त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या त्या प्रतीतच करत बसू नका. पुढची प्रत मूळ फाइलींवरून निघेल आणि त्यात तुमची ती मेहनत कुठेच नसेल. दुरुस्ती मूळ मजकुरात उतरवा, लगेच गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) नोंदवा. आणि एका ओळीत एकच वाक्य लिहा. गिट फरक ओळीवार दाखवतं. अख्खा परिच्छेद एकाच ओळीत असला, तर एक स्वल्पविराम हलवला तरी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो आणि मार्गदर्शकांनी नेमकं काय बदलायला सांगितलं होतं, ते महिन्याभराने शोधून सापडत नाही.