फ्लोटचे बिट्स इंटमध्ये वाचताय? मग हे आधी बघा

सी भाषेत फ्लोटच्या पत्त्याला इंट पॉइंटरमध्ये कास्ट करून वाचलं की कोड साध्या बिल्डमध्ये नीट चालतो आणि ओ२ (कंपायलरचा ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग) लावला की कधीकधी भलतीच व्हॅल्यू येते, कारण ओ२ पासून जीसीसी हा कंपायलर स्ट्रिक्ट एलियसिंग चालू करतं, म्हणजे फ्लोट आणि इंटचे पॉइंटर एकाच जागेकडे बघत नाहीत असं धरूनच ते लोड-स्टोअर (मेमरीतून वाचणं-लिहिणं) पुढेमागे करतं. एकाच टाइपची साइन्ड-अनसाइन्ड जोडी चालते, कॅरेक्टर पॉइंटरने तर काहीही वाचता येतं, पण उलटं नाही हां! कॅरेक्टर ॲरे घेऊन तो इंट पॉइंटरने वाचला तर नियम मोडतोच.

जीसीसीच्या डॉक्युमेंटेशनमधली युनियनची (एकाच जागेत वेगवेगळ्या टाइपचे मेंबर ठेवणारा टाइप) ओळ बरेच जण अर्धवट वाचतात. युनियन चालतं, पण ॲक्सेस युनियनच्या नावानेच व्हायला हवा, मेंबरचा पत्ता वेगळ्या पॉइंटरमध्ये घेऊन वाचलंत तर ती सूट नाही.

मी तर सरळ मेमकॉपी (बाइट्स जसेच्या तसे कॉपी करणारं फंक्शन) वापरायला सांगेन, चार बाइट्सची कॉपी कंपायलर बहुतेक वेळा एकाच मूव्ह इन्स्ट्रक्शनमध्ये उरकतो त्यामुळे स्पीडची काळजी नको. जुना कोड बदलणं शक्यच नसेल तर नो-स्ट्रिक्ट-एलियसिंगचा फ्लॅग लावा. आणि कंपायलरची वॉर्निंग आली नाही म्हणजे कोड बरोबर असं समजू नका, ती सगळ्या केसेस पकडत नाही.